तारखेचा मजकूर, मजकुराची तारीख

वाचकांचे प्रश्न

प्रोग्राम लिहिताना किंवा संगणकावर हिशेब ठेवताना तारीख आणि वेळ यांनी आपल्याला कोठे अडवले, असे आम्ही मागील अंकात या सदरातून विचारले होते. आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत. सदराचे पान देवनागरीत असल्यामुळे प्रोग्राममधील रोमन अक्षरे ‘कॅपिटल एम’, ‘स्मॉल एम’ अशी उच्चारून लिहिली आहेत, तेवढे सांभाळून घ्यावे.

प्रश्न : मी पायथन शिकलो आणि आता जावामध्ये एक प्रकल्प करीत आहे. प्रयोगशाळेच्या हजेरीचा अहवाल छापताना तास आणि सेकंद बरोबर येतात, परंतु मिनिटांच्या जागी संपूर्ण ऑगस्ट महिना ०८ हाच आकडा येत राहिला. सप्टेंबर लागताच तो ०९ झाला. पायथनमध्ये असे कधी झाले नव्हते.
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : सप्टेंबर लागताच आकडा बदलला हे आपण टिपलेत, त्यातच निदान आले. आपला प्रोग्राम मिनिटांच्या जागी महिना छापत आहे.

इंग्रजीत महिना आणि मिनीट हे दोन्ही शब्द एम या अक्षराने सुरू होतात, आणि तारखेचा साचा, म्हणजे ती कोणत्या रूपात छापायची याचा अक्षरांतला नमुना, लिहिण्याची पद्धत ज्यांनी ज्यांनी बसवली त्या प्रत्येकाला या एका अक्षराची वाटणी करावी लागली. सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातील ‘एसटीआरएफटाइम’ या फंक्शनात टक्के चिन्हापुढे स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिटे. पायथनने तीच वाटणी उचलली. जावा आणि डॉटनेट यांनी नेमकी उलटी केली : तेथे दोन कॅपिटल एम म्हणजे महिना आणि दोन स्मॉल एम म्हणजे मिनिटे. आपण पायथनची सवय जावामध्ये नेलीत आणि तासांच्या मागे कॅपिटल एम लिहिलात. संगणकाच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती, कारण आपण महिना मागितला आणि त्याने महिना दिला, म्हणून त्याने तक्रारही केली नाही.

पुढे नोकरीत ओरॅकल या डेटाबेसशी गाठ पडेल, तेव्हा तेथे कॅपिटल आणि स्मॉल असा भेदच नसतो आणि मिनिटांसाठी ‘एमआय’ लिहावे लागते, हे लक्षात असू द्या. मायएसक्यूएल आणि पीएचपी यांनी मिनिटांना ‘आय’ हे अक्षर दिले आहे. गो या भाषेने तर अक्षरे सोडूनच दिली. तेथे २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटे ५ सेकंद ही एक ठरलेली वेळ आपल्याला हव्या त्या रूपात लिहून दाखवायची, आणि प्रोग्रामने त्या नमुन्याप्रमाणे छापायचे. अमेरिकन क्रमाने महिना १, दिवस २, तास ३, मिनीट ४, सेकंद ५, वर्ष ६ अशी ती ओळीने पाठ होते. पण आपल्याकडचा मनुष्य सवयीने १ म्हणजे दिवस समजतो आणि दिवस-महिन्याची अदलाबदल करून बसतो.

तासांचीही हीच गत आहे, आणि तेथे माझे स्वतःचे हात पोळले आहेत. गोव्यातील खाणी जोरात चालू होत्या त्या काळात नदीकाठच्या एका जेटीवर बार्जमध्ये खनिज भरून झाल्याची वेळ छापणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला होता. दोन स्मॉल एच म्हणजे बारा तासांचे घड्याळ आणि दोन कॅपिटल एच म्हणजे चोवीस तासांचे. मी स्मॉल लिहिले आणि सकाळ-संध्याकाळ दाखवणारे अक्षर जोडायला विसरलो. भरणे भरतीच्या वेळा पाहून रात्रंदिवस चालत असे. एके दिवशी एकाच बार्जच्या दोन पावत्या समोर आल्या, दोन्हींवर तारीख तीच आणि वेळही तीच, ०२:१० आणि ०२:१०. एक मध्यरात्रीनंतरची, दुसरी दुपारची. पण कोणती कोणती, हे शेवटी कागदाच्या मागे मुकादमाने पेन्सिलीने केलेल्या टिपणावरून ठरले.

प्रश्न : आमचे मोरजीला छोटे अतिथिगृह आहे. संकेतस्थळावर पाहुणा २४ डिसेंबर निवडतो आणि आमच्या यादीत २३ डिसेंबर उमटते. गंमत म्हणजे लंडनहून आलेले नाताळाचे बुकिंग बरोबर असते. मुंबई-पुण्याचे आणि मॉस्कोचे एक दिवस मागे जाते. माझ्या भाच्याने प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवण्याची युक्ती केली, त्याने बरेचसे सुधारले, परंतु सिंगापूरच्या एका कुटुंबाचा दिवस तरीही चुकला आणि ऐन गर्दीत त्यांना खोली देताना आमची त्रेधा उडाली.
— एक गृहिणी, मोरजी

उत्तर : आपण लंडन, मॉस्को आणि सिंगापूर ही तीन नावे दिलीत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. पुष्कळ तंत्रज्ञ ‘कधी कधी चुकते’ एवढेच सांगतात.

आपल्या संकेतस्थळावरील दिनदर्शिका जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे असे धरून चालतो. पाहुणा २४ डिसेंबरवर बोट ठेवतो तेव्हा जावास्क्रिप्ट नुसती तारीख ठेवत नाही, कारण तिच्या जुन्या ‘डेट’ या प्रकारात नुसती तारीख ठेवण्याची सोयच नाही. ती काळाचा एक नेमका क्षण ठेवते, आणि तो क्षण म्हणजे पाहुण्याच्या घड्याळाप्रमाणे २४ तारखेची मध्यरात्र, शून्य तास शून्य मिनिटे. मग तो क्षण सर्व्हरकडे पाठवण्यासाठी मजकुरात बदलताना बहुतेक प्रोग्रामर ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ ही तयार क्रिया वापरतात, आणि ती क्रिया क्षण नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहिते. भारताची वेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे आपली २४ तारखेची मध्यरात्र ही तेथे २३ तारखेची संध्याकाळ असते, आणि मजकूर तयार होतो तो ‘२०२४-१२-२३’, पुढे टी हे अक्षर, मग ‘१८:३०’ आणि शेवटी झेड, असा. पुढच्या टप्प्यावर कोणी तरी त्यातील पहिली दहा अक्षरे कापून घेतो, कारण त्याला तारीखच हवी असते, आणि २३ डिसेंबर आपल्या यादीत जाऊन बसते. अशा मजकुरात कोठे १८:३० दिसले की ती भारतातली मध्यरात्र आहे, हे आपल्याकडच्या प्रोग्रामरने डोळे मिटून ओळखावे.

हिवाळ्यात लंडनचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेशी जुळते, म्हणून तेथील मध्यरात्र मध्यरात्रच राहते आणि नाताळाचे बुकिंग बरोबर येते. मात्र त्याच लंडनच्या पाहुण्याने ऑगस्टमधली तारीख निवडली असती तर तीही एक दिवस मागे गेली असती, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळ एक तास पुढे असते. पावसाळ्यात आपल्याकडे ब्रिटिश पाहुणे थोडे, म्हणून ते ध्यानात आले नसावे. मॉस्को तीन तास पुढे आहे, म्हणून तेथे बारा महिने चूक. न्यूयॉर्क मागे आहे, म्हणून तेथे कधीच चूक नाही. ज्या परदेशी कंपन्यांची प्रोग्रामर मंडळी ग्रीनिचच्या पश्चिमेला बसून चाचणी घेतात, त्यांना हा दोष जन्मभर दिसत नाही, आणि मोरजीला मात्र तो पहिल्याच दिवशी दिसतो.

आता आपल्या भाच्याची युक्ती. साडेपाच तास मिळवले की मुंबईची २३ तारखेची १८:३० ही वेळ २४ तारखेवर येते, मॉस्कोची २१:०० हीसुद्धा मध्यरात्र ओलांडून २४ वर येते, आणि लंडन, न्यूयॉर्कचे काही बिघडत नाही. म्हणून युक्ती लागू पडल्यासारखी वाटते. सिंगापूर आठ तास पुढे आहे. तेथील मध्यरात्र म्हणजे आदल्या दिवशीचे १६:००, त्यात साडेपाच मिळवून रात्रीचे साडेनऊ होतात, म्हणजे तारीख २३ च राहते. सिडनी आणि टोकियो यांचेही तेच होईल. भाच्याला रागावू नका. भारतात बसून हा दोष सुधारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना प्रथम हेच सुचते.

खरा उपाय असा, की ज्या गोष्टीला वेळच नाही तिला वेळ चिकटवू नये. पाहुण्याचा आगमनाचा दिवस हा दिवस आहे. तो लंडनमध्येही २४ डिसेंबर आहे आणि मोरजीतही २४ डिसेंबर. म्हणून पाहुण्याने निवडलेले वर्ष, महिना आणि दिवस हे तीन आकडे त्याच्याच घड्याळाप्रमाणे वेगवेगळे काढून, मध्ये आडव्या रेघा घालून मजकूर तयार करावा आणि तोच पाठवावा. येथे एक खाचखळगा सांगून ठेवतो : जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, डिसेंबर हा अकरावा येतो, म्हणून महिन्यात एक मिळवावा लागतो. ही खोड सी भाषेतून जावामध्ये आणि जावामधून जावास्क्रिप्टमध्ये आली. एक अंकी महिना व दिवस यांच्यापुढे शून्य घालण्यास विसरू नये. सर्व्हरवर तो मजकूर नुसत्या तारखेच्या प्रकारात घ्यावा. जावामध्ये तो ‘लोकल-डेट’, पायथनमध्ये ‘डेट’, आणि डेटाबेसच्या रकान्यातही ‘डेट’, वेळेसकट क्षण ठेवणारा ‘टाइमस्टॅम्प’ नव्हे.

मात्र पाहुण्याला मोपा विमानतळाहून आणण्यासाठी गाडी पाठवण्याची वेळ ही खरोखरीचा क्षण आहे. ती जागतिक प्रमाणवेळेत साठवावी आणि चालकाच्या मोबाइलवर दाखवताना ‘एशिया/कोलकाता’ या कालक्षेत्राने मजकुरात आणावी. उतरणारे विमान रात्री १२:४० चे असेल तर पाहुण्याची खोली कोणत्या रात्रीपासून धरायची, हा मात्र प्रोग्रामचा प्रश्न नसून आपल्या अतिथिगृहाच्या नियमाचा आहे. तो बुकिंगच्या पानावर ठळक लिहिलेला बरा.

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या अभिषेकाच्या पावत्यांची यादी एका संगणकावरून स्वल्पविरामांच्या फाइलमध्ये येते आणि मी ती एक्सेलमध्ये उघडतो. तारखांच्या रकान्यात काही तारखा डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे. क्रमाने लावल्या तर मार्चमधील अभिषेक मे महिन्यात जातो. ‘फॉरमॅट सेल्स’मध्ये सर्व पर्याय वापरून पाहिले. महाजनांच्या सभेपूर्वी हिशेब पुरा करावयाचा आहे.
— देवस्थान समितीचे एक सदस्य, डिचोली

उत्तर : आपल्या संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची आहे आणि फाइलमधील तारखा आपल्या पद्धतीच्या, म्हणजे आधी दिवस मग महिना, अशा आहेत. एक्सेल फाइल उघडताना प्रत्येक मजकुराची तारीख होऊ शकते का हे पाहतो. ‘२५/०३/२०२४’ यात पंचविसावा महिना नसल्यामुळे तो हात जोडतो आणि मजकूर मजकूरच ठेवतो. मजकूर डावीकडे चिकटतो. ‘०५/०३/२०२४’ याची मात्र ३ मे अशी तारीख होते आणि ती आकडा म्हणून उजवीकडे जाते. म्हणजे डावीकडच्या तारखा बिचाऱ्या निरुपद्रवी आहेत. उजवीकडे नीटनेटक्या बसलेल्या आहेत त्याच खोट्या.

किती खोट्या, याचा हिशेब मांडता येतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत अदलाबदल होऊ शकते, म्हणजे वर्षात १४४ तारखा. त्यांतील ३ मार्च, ४ एप्रिल अशा बारा तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप बदलतात.

‘फॉरमॅट सेल्स’ने हे सुधारत नाही, कारण तो फक्त पेहराव बदलतो. एक्सेल तारीख अनुक्रमांकाने ठेवतो : १ जानेवारी १९०० हा १, आणि १ जानेवारी २०२४ हा ४५२९२. आपल्या ५ मार्चसाठी ४५३५६ हवा होता, तेथे ३ मेचा ४५४१५ पडला आहे. आता तो आकडा कोणत्याही रूपात छापा, तो ३ मेच राहणार. हा अनुक्रमांक आणखी एक थाप पोटात बाळगून आहे, ती जाता जाता सांगतो. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामशी मेळ राहावा म्हणून ती चूक तशीच ठेवण्यात आली. आपल्या हिशेबाला तिचा उपद्रव नाही.

मूळ फाइल हाताशी असेल तर ती दुहेरी टिचकीने उघडू नका. रकाना मजकूर म्हणून आणा आणि ‘टेक्स्ट टू कॉलम्स’च्या शेवटच्या पायरीवर तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा निवडा. मूळ फाइल उरली नसेल तर शेजारच्या रकान्यात सूत्र घाला : रकान्यात आकडा असेल तर वर्ष तेच ठेवून दिवसाचा महिना आणि महिन्याचा दिवस करून ‘डेट’ फंक्शनला द्यावा, आणि मजकूर असेल तर त्यातील पहिली दोन अक्षरे दिवस, चौथे-पाचवे अक्षर महिना, शेवटची चार वर्ष असे तोडून द्यावे. हे सूत्र एकाच अटीवर चालेल. मधल्या काळात कोणी त्या रकान्यात हाताने तारखा टंकलेल्या नसाव्यात. त्या टंकल्या आहेत का, हे पाहण्याची आपल्याकडे संगणकापेक्षा जुनी सोय आहे. पावतीपुस्तकाचे क्रमांक वाढत्या क्रमाने असतात. सूत्र लावल्यानंतर पावती क्रमांकाने यादी लावावी, आणि जेथे क्रमांक पुढे जाऊन तारीख मागे जाते तेवढ्याच ओळी प्रतिपावतीशी ताडून पाहाव्यात.

पुढच्या वर्षासाठी, यादी पाठवणाऱ्याला तारीख ‘२०२४-०३-०५’ अशी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहायला सांगा. १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या मानकाचा हा क्रम आहे. तो नुसत्या मजकुराच्या अकारविल्हे क्रमाने लावला तरी काळाच्या क्रमानेच लागतो. सभेपुढे ठेवावयाच्या छापील प्रतीत मात्र दिवस आधी असलेलीच तारीख ठेवा, नाही तर प्रत्येक महाजन त्याचा अर्थ विचारील आणि विषयपत्रिका तेथेच अडेल.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी घरातील पोर्तुगीज काळातील कागदपत्रांची सूची करीत आहे. मूळ कागदावर तारीख ‘५ दे आब्रिल दे १९४६’ अशी आहे आणि सूचीतही तशीच छापावी अशी इच्छा आहे. जावामध्ये साचा लिहिला, तर ‘५ ५६ आब्रिल ५६ १९४६’ असे छापले गेले. हे ५६ कोठून आले? दुसरे असे, की जेथे मी कागदावरून वर्ष दोनच अंकी टिपले आहे तेथे पायथनने १९ डिसेंबर ६१ ही तारीख २०६१ सालात नेऊन ठेवली. गोवा मुक्त व्हायला अजून अवकाश आहे असे संगणकाचे म्हणणे दिसते.
— एक निवृत्त शिक्षक, मडगाव

उत्तर : पोर्तुगीजमधील ‘दे’ हा शब्द डी आणि ई या दोन अक्षरांनी लिहितात, आणि साच्यात ही दोन्ही अक्षरे कामावर आहेत. स्मॉल डी म्हणजे महिन्यातील दिवस, तो ५. स्मॉल ई म्हणजे आठवड्यातील कितवा दिवस. ५ एप्रिल १९४६ या दिवशी शुक्रवार होता आणि रविवारपासून मोजले तर शुक्रवार सहावा. पाचाला सहा चिकटून ५६ झाले, आणि ‘दे’ दोनदा असल्यामुळे ते दोनदा आले. साच्यात जो शब्द जसाच्या तसा छापायचा असेल तो जावामध्ये एकेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. पीएचपीमध्ये त्यासाठी प्रत्येक अक्षरापूर्वी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. सी आणि पायथन यांच्यात हा त्रास नाही, कारण तेथे टक्के चिन्हाच्या पाठोपाठ आलेले अक्षरच काय ते कामाचे, बाकी सारे जसेच्या तसे उतरते. आपण जावाचा जुना ‘सिंपल-डेट-फॉरमॅट’ वापरला असता तर तेथे स्मॉल ईला अर्थच नसल्यामुळे प्रोग्राम चूक दाखवून थांबला असता, आणि आपले कोडे लवकर सुटले असते. महिन्याचे नाव पोर्तुगीजमध्ये येण्यासाठी साच्याबरोबर पोर्तुगीज भाषेचे लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेश सांगणारी खूण, देता आहातच.

दोन अंकी वर्षाबाबत प्रत्येक प्रोग्रामचा शतक ठरवण्याचा स्वतःचा नियम आहे. पायथन ६९ ते ९९ हे अंक विसाव्या शतकात आणि ०० ते ६८ हे एकविसाव्या शतकात टाकतो, म्हणून ६१ पुढे गेले. एक्सेल सर्वसाधारणपणे ३० पासून पुढचे अंक १९०० मध्ये धरतो, म्हणजे त्याच्याकडे ६१ बरोबर येईल आणि १९२८ चा कागद मात्र २०२८ मध्ये जाईल. सर्वांत फसवा नियम त्याच जुन्या ‘सिंपल-डेट-फॉरमॅट’चा आहे : तो प्रोग्राम चालवण्याच्या क्षणापासून मागची ८० वर्षे आणि पुढची २० वर्षे अशी खिडकी धरतो, आणि खिडकी दररोज सरकते. ‘५-४-४६’ ही तारीख त्याला ५ एप्रिल २०२६ पूर्वी दिली तर तो १९४६ म्हणेल, आणि त्यानंतर दिली तर २०४६. प्रोग्राम तोच, कागद तोच.

आपल्या सूचीतील सर्व कागद मुक्तीपूर्वीचे असतील तर वाचल्यानंतर एकच कसोटी लावा : तारीख १९ डिसेंबर १९६१ च्या पुढे गेली की वर्षातून शंभर वजा करा. शतक बदलूनही शंका राहील, उदाहरणार्थ ९५ म्हणजे १८९५ असू शकते, तेथे मूळ कागद पुन्हा हातात घ्यावा आणि चारही अंक लिहून ठेवावेत. अक्षर लागत नाही म्हणून दिवस किंवा महिना अर्धवट राहिला असेल तर तेथे १ घालून तारीख पुरी करण्याचा मोह टाळावा. वर्ष, महिना आणि दिवस यांचे तीन वेगळे रकाने ठेवून न लागलेला रकाना रिकामा सोडावा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर तारखा मराठीत दिसाव्यात म्हणून ‘एमआर-आयएन’ हे लोकेल दिले. अंक देवनागरीत आले, सभासद खूश झाले, पण पुस्तक परत करण्याच्या तारखेवरून दंड मोजणारा भाग बंद पडला. शिवाय जत्रोत्सवातील नाटकांच्या जाहिराती आम्ही देतो, तेथे ‘एएम’ आणि ‘पीएम’ फार परके वाटते.
— एक ग्रंथपाल, पेडणे

उत्तर : मराठीच्या लोकेलमध्ये देवनागरी अंक हे मूळचेच ठरलेले आहेत, तर हिंदीच्या लोकेलमध्ये इंग्रजी वळणाचे, त्यामुळे हिंदीवर चाचणी घेऊन मराठीला तोच प्रोग्राम दिला की असा धक्का बसतो. आपला दंड मोजणारा भाग पानावर छापलेली तारीख पुन्हा वाचत असणार. जावास्क्रिप्टला ‘१२’ हे देवनागरी अंक संख्या म्हणून वाचता येत नाहीत. पायथनला मात्र ते बिनतक्रार वाचता येतात. लोकेलच्या नावाला ‘यू-एनयू-लॅटन’ अशी पुस्ती जोडून अंक इंग्रजी करता येतील, पण सभासद खूश आहेत तर तसे करू नये. दंडासाठी मूळ तारीख वेगळी जवळ ठेवावी आणि त्यावरून मोजावा. माणसांसाठी छापलेला मजकूर यंत्राने परत वाचायला घेतला की दंडाचा प्रोग्राम आज या कारणाने बंद पडेल, उद्या दुसऱ्या.

विभक्तीचे प्रत्यय साच्याकडून करवून घेऊ नयेत. ‘१९ डिसेंबरला’, ‘५ मेला’, ‘३ जुलैपर्यंत’ हे साच्यात बसवण्यापेक्षा ‘दि. १९ डिसेंबर रोजी’ अशी रचना ठेवली तर बारा महिन्यांना एकच वाक्य पुरते.

नाटकाच्या वेळेसाठी प्रोग्राममध्ये तासांवरून शब्द ठरवणारी चार-पाच ओळींची स्वतःची क्रिया लिहावी : पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्रौ. सीमारेषा कोठे ओढायच्या ते गावाने ठरवावे. संध्याकाळचे साडेसात आमच्याकडे रात्रौ म्हणतात, तुमच्याकडे कदाचित नाही. अडचण मध्यरात्रीची आहे. जत्रेचे नाटक शनिवारी रात्री साडेबाराला सुरू होते असे सारा गाव म्हणतो, आणि संगणकाच्या लेखी तेव्हा रविवार लागून अर्धा तास झालेला असतो. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे गावाचेही चूक नाही. शनिवार म्हणून तारीख दिली आणि वेळ ००:३० दिली तर प्रोग्राम नाटक चोवीस तास आधी दाखवील, आणि शुक्रवारी रात्री रिकाम्या मांडवात एखादे कुटुंब डबा घेऊन येऊन बसेल. म्हणून साठवताना रविवार ००:३० हाच क्षण ठेवावा; छापताना मात्र वेळ पहाटे चारच्या आतली असेल तर आदल्या दिवसाचा वार घेऊन ‘शनिवारी रात्रौ १२.३०, म्हणजेच रविवार उजाडण्यापूर्वी’ असे पूर्ण लिहावे.

प्रश्न : आमच्या दुकानाच्या बिलांवर ३० डिसेंबर २०२४ च्या जागी ३० डिसेंबर २०२५ छापले गेले. दोन दिवसांनी आपोआप बरोबर झाले. लेखापाल अजून विचारतात.
— एक व्यापारी, म्हापसा

उत्तर : साच्यात वर्षासाठी वाय हे अक्षर कॅपिटल लिहिले गेले आहे. जावामध्ये कॅपिटल वाय म्हणजे ‘ज्या आठवड्यात ही तारीख पडते त्या आठवड्याचे वर्ष’. १ जानेवारी २०२५ बुधवारी आला, म्हणून सोमवार ३० डिसेंबरपासूनचा आठवडा २०२५ चा पहिला आठवडा ठरला आणि त्यातील डिसेंबरचे दिवसही २०२५ मध्ये गेले. चार स्मॉल वाय लिहावेत. हा दोष वर्षातून फार तर पाच-सहा दिवस दिसतो आणि सुधारायला बसेपर्यंत नाहीसा होतो, म्हणून दुरुस्ती केल्यावर प्रोग्रामला २९, ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ या तीन तारखा हाताने देऊन छापून पाहा. त्या दोन दिवसांची बिले ग्राहकांकडे गेलेली असल्यामुळे ती रद्द करून नवी द्यावीत की नुसती दुरुस्तीची नोंद ठेवावी, हे मात्र आपल्या लेखापालांनीच सांगावे.